काठी न बघता सुटलेली ट्राम

मिल्या,

तुझ्या फ्युनरलला मी माइकपर्यंत गेलो आणि एक अक्षर न बोलता जागेवर येऊन बसलो. लोकांना वाटलं, श्रीला भरून आलं. मागून कुणीतरी पाठीवर हात फिरवला. भरून वगैरे काही आलं नव्हतं. समोर लॅपटॉपवर मिरजेहून तुझे आईबाबा बघत होते, पहिल्या रांगेत तुझी अस्मिता बसली होती, आणि तो माइक उपटून भिंतीवर आपटावा एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. आज त्याला नऊ दिवस झाले. राग तसाच आहे. तुझ्यावर आहे, नीनोच्या त्या गावावर आहे, आणि सगळ्यात जास्त ज्याच्यावर आहे त्याची दाढी मला रोज सकाळी आरशात बघून करावी लागते.

बाकीचे बोलले. चांगलंच बोलले. मिलिंद किती शांत, किती सोशिक, कधी कुणाला दुखावलं नाही. मी ऐकत होतो आणि खालच्या ओठाच्या आतली गाठ जिभेने चाचपत होतो. ती तू दिलेली. चार टाके पडले होते. सोशिक म्हणे! तू हट्टी होतास, भांडखोर होतास, आणि मी सिग्नलच्या ड्रॉइंगमध्ये एक रिले चुकीची दाखवली म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतास. मला तो मिल्या परत हवा आहे. फोटोतल्या हार घातलेल्या त्या गुळगुळीत माणसाला मी ओळखत नाही.

आपण दोघे सिग्नलवाले. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून पगार घेणारी माणसं. मला मेलबर्नला तूच बोलावलंस, टार्निटमध्ये तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर घर तूच शोधून दिलंस. माझा घटस्फोट झाला तेव्हा चार महिने मी तुमच्या मागच्या खोलीत पडून होतो. तू एकदाही 'आता पुढे काय ठरवलंयस' असं विचारलं नाहीस. सकाळी पांघरूण ओढायचास, बूट अंगावर फेकायचास आणि मानगूट धरून ट्रेनला न्यायचास. त्या दिवसांत तू मला जगवलंस, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतास, "नो वरीज मेट," आणि मग आठवडाभर त्यावरून माझी चेष्टा केली असतीस.

पहिला लॉकडाउन लागला तेव्हा लोकांनी घरी पाव भाजायला घेतले. तू रोकाव्हेंताची, म्हणजे नीनोच्या गावची, ट्राम लिहायला घेतलीस. नीनो आपल्या ऑफिसातून रिटायर झालेला वायरमन, तरुणपणी बोटीने इटलीहून आलेला. त्याने तुझ्या दारात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणून ठेवला. आत त्याच्या आजोबाचे कागद. आजोबा त्या गावच्या ट्रामवर ड्रायव्हर होता. मग रोज दुपारी नीनो फोनवर एकेक कागद इटालियनमधून इंग्लिशमध्ये सांगायचा आणि तू तो मराठीत उतरवायचास. मराठीत! मी हसून लोळलो होतो.

"मिल्या, इटलीतल्या एका बारक्या गावाच्या ट्रामची हिस्टरी मराठीत कोण वाचणार?"

"बाबा वाचतील," तू म्हणालास. "आणि तू वाचशील. चुका काढायला."

वाचलं मी. पहिल्यांदा केवळ तुझ्या चुका काढायला, नंतर थांबवेना म्हणून. त्या गावाची मुळातच फसवणूक झाली होती. गाव डोंगरावर, आणि मेन लाइन टाकताना खालच्या एका जमीनदाराने ती आपल्या गिरणीकडे वळवून घेतली. स्टेशनच्या पाटीवर नाव रोकाव्हेंता आणि रोकाव्हेंता तिथून सात किलोमीटर वर. टार्निटला घर घेऊन जवळच्या स्टेशनची वाट बघत बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. गावाने मग हट्टाने स्टेशनपासून चौकापर्यंत वाफेची ट्राम आणली.

आणि तिथून मारामाऱ्या सुरू झाल्या. गाडीवाल्यांचं पोट स्टेशनच्या मालावर होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ट्रामवर दगडांचा पाऊस पाडला, इंजिनाची काच मेयरच्या तोंडावर फुटली, ड्रायव्हरला ओढून खाली पाडून लाथांनी तुडवला. त्यांनी अर्धा किलोमीटर रूळ उखडून दरीत लोटले. पुढे कधीतरी ट्रामवाल्यांचा संप झाला तर शिपायांनी डेपोच्या दारातच गोळ्या घातल्या. युद्धात खालच्या स्टेशनावर बॉम्ब पडले आणि पळता पळता जर्मनांनी पूल उडवला. त्यानंतर बस आली आणि सगळं संपलं. आता तिथून सायकली जातात म्हणे. तू हे सगळं हातवारे करून सांगायचास, डोळे चमकायचे तुझे, आणि मी म्हणायचो की सात किलोमीटरसाठी एवढी डोकी फोडणारं गाव आपल्याला बघायला पाहिजे. बॉर्डर उघडली की जाऊ, असं ठरलंही होतं.

तुझा जीव मात्र एका अपघातात अडकला होता. नीनोचाही.

ती सिंगल लाइन होती. वर जाणारी आणि खाली येणारी गाडी एकाच रुळावरून. म्हणून एक लाकडी काठी असायची, हातभर लांब, टोकाला पितळ. काठी ज्याच्या हातात, रूळ त्याचा. ती नसेल तर गाडी हलवायची नाही, कोणी कितीही बोंबललं तरी. आपल्याकडे रेल्वेत ह्याच कामाला टोकनचा गोळा असायचा, तुझ्या बाबांची सगळी नोकरी तो देण्याघेण्यात गेली. आता एकामागोमाग दोन गाड्या एकाच दिशेने सोडायच्या असल्या तर पुढच्याला नुसती चिठ्ठी मिळायची आणि काठी मागचा घेऊन यायचा. पण चिठ्ठी घेण्याआधी पुढच्याने काठी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. ती ह्या टोकाला आहे, म्हणजे समोरून कोणी येत नाही, एवढी खात्री करायची आणि मगच सुटायचं.

जत्रेचा दिवस होता. खाली स्टेशनवर माणूस मावत नव्हता. नीनोचा आजोबा तुल्लिओ गाडी घेऊन तयार. काठी सांभाळणारा बेप्पे हा त्याचा जिवलग, तुल्लिओच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन उभा राहिलेला. त्याने चिठ्ठी दिली आणि म्हणाला, काठी आत आहे, नीघ. काठी आत नव्हती. ती वर होती. वरची गाडी निघायला अवकाश आहे, तोवर ही पोचेल, असा अंदाज बेप्पेने बांधला होता. तुल्लिओने काठी बघायला मागितली नाही.

चामडी कमावणाऱ्यांच्या वळणावर दोन्ही गाड्या समोरासमोर भिडल्या. तू लिहिलेलं ते पान मी दोनदा वाचायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वही मिटली. बॉयलर फुटला. वाफेने सोललेली माणसं आग शमवायला समोरच्या हौदांत उड्या मारत होती, आणि हौद चुन्याचे होते. तुल्लिओचा एक पाय तिथेच गेला. कोर्टात बेप्पे शपथेवर म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. तुल्लिओला तुरुंग झाला आणि नीनोच्या घरावर तो डाग आजपर्यंत आहे.

नीनोला तुझ्याकडून एवढंच हवं होतं. आजोबा दोषी की नाही, ते एका सिग्नलवाल्याने लिहून द्यावं.

"अर्धा दोषी," तू म्हणालास. आपण तुमच्या बॅकयार्डमध्ये उभे होतो, बार्बेक्यूवर सॉसेजेस होती, शेवटचा लॉकडाउन उठून महिना-दीड महिना झाला होता.

"कसला अर्धा? ज्याने खोटं सांगितलं तो खुनी. सगळाच्या सगळा. ऐकणाऱ्याचा काय गुन्हा?"

"बघायचं होतं त्याने. रूल आहे."

"दोस्त होता तो त्याचा! दोस्ताला म्हणायचं, दाखव?"

"हो. दोस्तालाच म्हणायचं. रूल कशाला असतो श्री? दोस्तावर संशय घ्यायची वेळ येऊ नये म्हणून असतो. दाखव म्हणणं हा इन्सल्ट नाही, सवय आहे ती."

आणि मग मी ते बोललो. तुझ्या बाबांनी तुला किडनी दिली होती. तीन वर्षं झाली होती त्याला. मी म्हणालो, "बाबांनी किडनी दिली तेव्हा त्यांनाही म्हणाला होतास का, आधी दाखवा?"

तुझ्या हातात चिमटा होता. त्याच्यासकट ठोसा आला. माझ्या तोंडातून रक्त आलं आणि मला काही दिसेनासं झालं; मी तुला कॉलरला धरून कपडे वाळत घालायच्या दांडीवर ढकललं. किडनी बदललेल्या माणसाला. तू उठून परत आलास, मी परत ढकललं. तेवढ्यात अस्मिताने बागेचा पाइप सोडला आपल्या दोघांवर. "चाळिशीचे घोडे! शेजारी बघतायत!" सॉसेजेस जळून कोळसा झाली. मी रुमाल तोंडाला लावून घरी गेलो आणि त्यानंतर तीन आठवडे तुझा फोन नाही आणि माझाही नाही. त्या तीन आठवड्यांत मी रोज तुझ्या गल्लीतून गाडी नेत होतो. लांब पडायचं, तरी.

तुमच्या दाराचा नियम मला सांगायची गरज नव्हती. किडनीनंतरच्या गोळ्यांनी तुझ्या अंगातली रोगाशी लढायची सगळी ताकद दाबून ठेवलेली, लस घेऊनही तिचा उपयोग किती ते डॉक्टर सांगू शकत नव्हते. त्यामुळे तू रोकाव्हेंताची काठी टार्निटला आणलीस. येणाऱ्याने टेस्ट करायची, निगेटिव्हचा मेसेज फोनवर काढायचा, जाळीच्या दाराबाहेरून धरायचा, तू आतून चष्मा वर करून नाव आणि तारीख वाचणार, मग कडी काढणार. लोक चिडायचे. अस्मिता एज्ड केअरमध्ये, म्हाताऱ्यांच्या होममध्ये, नर्स. तिला प्रत्येक शिफ्टला रॅपिड टेस्ट, किट कामावरूनच मिळायचं. तीही सुटली नव्हती. मी तुझी बाजू घेऊन लोकांशी भांडायचो.

ख्रिसमसनंतर तुझा फोन आला. जसं काही झालंच नाही अशा आवाजात. "अरे, नीनोला तुल्लिओचा जबाब सापडलाय. कोर्टातला. ये. टेस्ट करून ये." मी फोन ठेवला आणि हसलो, एकटाच. दुसऱ्या दिवशी टेस्टच्या रांगेत गाडीत पाच तास बसलो. त्या दिवसांत निम्मं मेलबर्न त्या रांगांत होतं, दुकानात रॅपिड टेस्ट औषधालाही मिळत नव्हती आणि मेसेज यायला दिवसेंदिवस लागत होते. एक दिवस गेला. दोन गेले. घसा जरासा खवखवत होता, तो मी एसीवर ढकलला. तिसऱ्या दिवशी तू परत विचारलंस, "आला का मेसेज?"

मी म्हणालो, "आला. निगेटिव्ह."

मला वाटलं, येईलच निगेटिव्ह. एवढंच. ह्याच्यापलीकडे त्यात काही नव्हतं. तीन आठवड्यांनी तू बोलावलं होतंस आणि मला अजून एक दिवस थांबायचं नव्हतं. मी पायात चपला सरकवल्या आणि आलो.

बाहेर चाळीस डिग्री होते. तू जाळीच्या दारामागे उभा होतास, ठोशाने सुजलेली तुझी बोटं अजून तशीच आहेत का, हे मी बघत होतो. मी सवयीने खिशात हात घातला. काय काढणार होतो देव जाणे. काहीतरी जुनं दाखवलं असतं, की तिथेच कबूल केलं असतं, मला खरंच माहीत नाही. तू कडी काढलीस.

"राहू दे," तू म्हणालास. "तू सांगितलंस ना. आत ये, भाजशील."

मूर्खा. अरे मूर्खा! ज्या माणसाने शेजारच्या म्हाताऱ्या बाईला दारात ताटकळत ठेवलं, त्याला नेमकं त्या दिवशी मोठं मन दाखवायचं सुचलं? मी ढकललं होतं तुला. तुझ्या बाबांवरून बोललो होतो. तेव्हाच तर मागायचं होतंस!

आत कैरीचं पन्हं होतं, डब्यातल्या आमरसाच्या खालोखाल तुझी आवडती भानगड. मास्क खाली करून मी दोन ग्लास प्यायलो. तू तुल्लिओचा जबाब वाचून दाखवलास. तो जजला म्हणाला होता की काठी बघायला मागितली असती तर बेप्पेला वाटलं असतं, मी त्याला खोटारडा समजतो. आणि त्या दिवशी सकाळीच आमचं भांडण मिटलं होतं, असंही तो म्हणाला. तू वही बंद केलीस.

"तुझं बरोबर होतं रे," तू म्हणालास. "कधी कधी माणूस नाही मागू शकत. मी तसंच लिहिणारे. नीनो खूश होईल."

दोन वर्षांत तू एका वादात हार मानलीस, मिल्या, आणि ती ह्या वादात. मी इतका खूश झालो की तुला मिठी मारली.

मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पॉझिटिव्ह. मी तो वाचला आणि फ्रिजच्या दारावर डोकं आपटलं, एकदा नाही, बऱ्याचदा. मग तुला फोन केला आणि काय सांगितलं? "अरे, आज परत टेस्ट केली, कुणाची तरी रॅपिड मिळाली, आज पॉझिटिव्ह आलोय. तू बघून घे." दुसरं खोटं. तुला तीन दिवसांनी ताप आला. त्यानंतर दोन दिवसांनी अस्मिता पॉझिटिव्ह.

तुला हॉस्पिटलात ॲडमिट केलं, तिथे कुणाला सोडत नव्हते. पाचव्या दिवशी दुपारी तू व्हिडिओ कॉल केलास. नाकातोंडावर तो मास्क, आवाज पत्र्यातून आल्यासारखा.

"श्री. खरं सांग. त्या दिवशी मेसेज आला होता ना?"

नर्स तुझ्या मागे काहीतरी लावत होती. तुझे डोळे माझ्यावर होते. मी म्हणालो, "आला होता रे."

"मग ठीक," तू म्हणालास. श्वास घेतलास. "मग अस्मिताकडून आलं असणार. जॉबवरून. रॅपिडमध्ये उशिरा दिसतं कधी कधी. तिला बोलू नकोस हं काही. तिला सहन नाही व्हायचं."

तिला सांगायची गरज पडली नाही. तिने स्वतःच धरून ठेवलंय ते. सहा दिवसांनी तू गेलास आणि तेव्हापासून ती येईल त्याला एकच सांगते, मीच आणलं घरात. फ्युनरलला आलेल्या प्रत्येकाचा हात धरून सांगत होती. लॅपटॉपपाशी वाकून तुझ्या आईला म्हणाली, "आई, मीच आणलं हो. रोज टेस्ट करत होते, तरी माझ्याकडूनच आलं." तुझी आई तिकडून पदर तोंडावर दाबून नको नको म्हणत होती. तेव्हा मला माइकपाशी बोलावलं. आता कळलं ना, मी का बोललो नाही?

मी दोन वर्षं तुझ्याशी भांडलो की खोटं सांगणारा सगळाच्या सगळा खुनी. तू म्हणायचास, न बघणाराही अर्धा. तुझ्या मताने मी अर्धा सुटतो. पण तू शेवटी माझं मत मान्य करून गेलास, तेव्हा ती अर्धी सुटकाही तू घेऊन गेलास. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. नुसतं सांगतोय.

परवा नीनोचा फोन आला. रडला आधी. "मिलिंदो, मिलिंदो," एवढंच बराच वेळ. मग घाबरत घाबरत विचारलं की पुस्तकाचं काय, आजोबाबद्दल त्याने काय लिहिलं. मी तुझी वही उघडून बसलो होतोच. शेवटच्या पानावर फक्त मथळा आहे आणि खाली कोरं.

"नॉट गिल्टी," मी म्हणालो. "त्याने मला सांगितलं होतं. तुझ्या आजोबाचा दोष नाही."

म्हाताऱ्याने पलीकडे नाक शिंकरलं. मग म्हणाला, "यू नो, बेप्पे खूप जगला. नाइन्टी इयर्स. मी लहानपणी बघितलाय त्याला, रोज चौकात खुर्ची टाकून बसायचा. माझी आजी समोरून गेली की टोपी काढायचा. टोपी काढायचा, श्री! पण तोंड उघडलं नाही कधी. वन वर्ड. माझी आजी त्या एका शब्दाची वाट बघत मेली."

मी फोन ठेवला आणि हाताशी होता तो ग्लास भिंतीवर फेकला. त्याच्या काचा अजून तिथेच आहेत.

काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. गराजचं दार वर होतं. अस्मिता खाली बसून तिचे युनिफॉर्म एका काळ्या पिशवीत कोंबत होती, कोंबताना फाडत होती, बाही ओढून, बटणं तोडून.

"जॉब सोडला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आय कान्ट गो बॅक, श्री. त्याला मारून परत तिथे कशी जाऊ?"

"तू नाही मारलंस," मी म्हणालो. "तुझ्याकडून आलंच नाही. माझ्याकडून आलं."

"प्लीज. आता तू नको सुरू होऊ. सगळे हेच म्हणतायत, तुझा दोष नाही, तुझा दोष नाही."

"माझा मेसेज आला नव्हता, अस्मिता."

तिचे हात थांबले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाच तासांची रांग, तीन दिवस, फोनवरचं खोटं, दुसऱ्या दिवशीचं खोटं, हॉस्पिटलमधलं खोटं. कुठे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पळालो असतो. ती उठून उभी राहिली. पिशवी तिच्या हातातच होती.

"त्याने दाखव म्हटलं नाही?"

इथे मला आणखी एक खोटं बोलता आलं असतं, मिल्या. म्हटलं होतं, मी जुना मेसेज दाखवला. मग तुझी चूक झाकली गेली असती आणि तू तिच्या मनात होतास तसा राहिला असतास, नियमाचा पक्का. वाक्य तयार होतं तोंडात. तुला वाचवावं असं खरंच वाटलं. पण टोपी काढणारा तो म्हातारा डोळ्यांपुढून हलेना.

"नाही," मी म्हणालो. "मी खिशात हात घातला तर म्हणाला, राहू दे. तू सांगितलंस ना."

तिने मला मारलं. आधी थोबाडीत, मग मुठींनी, छातीवर, कानावर, तोंडावर. तू फोडलेला ओठ परत फुटला. मी हात मागे बांधून उभा राहिलो. शेजारचा माणूस कचऱ्याचा बिन आत घ्यायला आला होता, तो "हे, हे, यू ओके?" असं ओरडला, आणि ती त्याच्याकडे वळून इतक्या जोरात किंचाळली की तो बिन तिथेच टाकून आत गेला. मग ती दमली. धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली.

"मला रोज टेस्ट मागायचा," ती म्हणाली. "डबल शिफ्ट करून यायचे मी. उभं राहवायचं नाही. इथे, ह्या गराजमध्ये, पंधरा मिनिटं उभी करायचा, ती रेघ दिसेपर्यंत. मी म्हणायचे, अरे बायको आहे तुझी. तरी म्हणायचा, दाखव. एक दिवस चुकवला नाही त्याने. एक दिवस नाही, श्री."

काळी पिशवी तिने पायाने बाजूला ढकलली.

"आणि तुला म्हणाला, राहू दे?"

तिने बटण दाबलं. दार खाली यायला लागलं. मी ड्राइव्हवेवर मागे झालो आणि तिथेच बसलो, ओठाला बाही लावून. दार टेकल्यावर आतून आवाज आला. ती रडत होती आणि तुझ्या नावाने ओरडत होती. मिलिंद, मूर्खा, गाढवा, मला मागायचास आणि त्याला नाही मागितलंस. परत परत तेच. काहीतरी पत्र्यावर फेकून मारत होती. तू गेल्यापासून तिने पहिल्यांदाच स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाला बोल लावला. ऊन उतरेपर्यंत मी तिथे बसून ते ऐकलं, तुझ्याही वाटचं.